ॲक्टिव्ह थ्री-वे आणि दोन सब: ठाणे-नवी मुंबईच्या फ्लॅटसाठी बांधणी, डीएसपी आणि मोजमाप

पारसिक (धागाकर्ता)

हॉल १२ × १० फूट, उंची साडेनऊ. भिंती वीट आणि आरसीसीच्या, एका बाजूला ॲल्युमिनियमची स्लायडिंग खिडकी. घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंत हा आकार सर्रास सापडतो, म्हणून तोच धरून ॲक्टिव्ह थ्री-वे स्पीकरचा आराखडा मांडतो. थ्री-वे म्हणजे आवाज तीन ड्रायव्हरांत (पेटीतल्या स्पीकर युनिटांत) वाटलेला; ॲक्टिव्ह म्हणजे ही वाटणी ॲम्पच्या आधीच होते आणि प्रत्येक ड्रायव्हरला ॲम्पचा स्वतंत्र चॅनल. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी चिरफाड करावी.

दर बाजूला १० इंची वूफर (८० ते ३०० हर्ट्झ), ५ इंची मिड (३०० ते २२००) आणि १ इंची डोम ट्वीटर. ८० च्या खाली दोन सीलबंद १२ इंची सब (सबवूफर). ३०० हर्ट्झला पॅसिव्ह क्रॉसओव्हर (ॲम्पनंतर कॉइल-कॅपॅसिटरने पट्टे वेगळे करणं) करायचा तर ८ ओहमला साडेआठ मिलिहेन्रीची कॉइल लागते. ती महाग, जड, आणि तिचा स्वतःचा रोध वूफरच्या वाटेत बसतो. ॲक्टिव्हमध्ये हा प्रश्नच उरत नाही, म्हणून वूफर-मिडचा सांधा खाली नेता येतो.

बॅफलची (ड्रायव्हर बसतात त्या पुढच्या फळीची) बाहेरची रुंदी ३० सेंमी ठेवली आहे. ११५ भागिले मीटरमधली रुंदी, म्हणजे सुमारे ३८० हर्ट्झच्या आसपास बॅफल स्टेप येतो, त्याखाली आवाज पेटीच्या मागेही पसरतो आणि समोरची पातळी घटते. क्रॉसओव्हर ३०० ला असल्यामुळे स्टेपची बरीचशी भरपाई वूफर आणि मिडची पातळी वेगळी ठेवूनच होते, वेगळं फिल्टर जवळजवळ लागत नाही. मिड आणि ट्वीटरच्या केंद्रांमधलं अंतर १२.७ सेंमी. २२०० हर्ट्झची तरंगलांबी १६ सेंमीच्या आत-बाहेर, त्यामुळे उभ्या दिशेतला गोंधळ आटोक्यात राहतो.

वूफरचा कप्पा आतून २६.४ × ३० × ५० सेंमी, म्हणजे ३९.६ लिटर. ब्रेसिंग आणि ड्रायव्हर वजा जाता ३६ च्या आसपास. वरचा कप्पा २६ सेंमी उंच, त्यात १० सेंमी खोलीवर आडपडदा. पुढे मिडला साडेसहा लिटर, मागच्या १८ सेंमीत इलेक्ट्रॉनिक्स. एकूण उंची ८१.४ सेंमी, खाली २० सेंमीचा स्टँड, म्हणजे ट्वीटर सोफ्यावर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला येतो.

डीएसपी (आवाजावर अंकीय फिल्टर लावणारी चिप): दर बाजूला एक एडीएयू१७०१ बोर्ड. चार आउटपुट, म्हणजे वूफर, मिड, ट्वीटर आणि सब. ॲम्प: दर बाजूला एक टीपीए३२५५ (वूफर आणि सब) आणि एक टीपीए३११६ (मिड आणि ट्वीटर).

लाकूडकाम

पेटीपुरतं बोलतो.

एका पेटीला साधारण १.४५ चौरस मीटर माल लागतो. ८ × ४ ची शीट २.९७ चौरस मीटरची. कागदावर दोन्ही पेट्या एका शीटमध्ये बसतात, पण करवतीची रेघ आणि कडा धरल्या की बसत नाहीत. दोन शीट घ्या. दुसऱ्या शीटमधून पुढच्या बॅफलचा दुसरा थर काढा. पुढची फळी दुहेरी, ३६ मिमी हवीच.

साधा एमडीएफ खाडीकाठच्या हवेत घेऊ नका. पावसाळ्यात त्याच्या कापलेल्या कडा पाणी शोषतात आणि फुगतात, मग ट्वीटरभोवतीची खाच वर येते. १८ मिमी एचडीएचएमआर (जास्त घनतेचा फायबरबोर्ड) कापायला एमडीएफइतकाच सोपा आणि ओल बऱ्यापैकी सोसतो. प्लाय घेणार असाल तर आयएस ७१० चा (मरीन प्लायचं भारतीय मानक), आणि तो आत पोकळ नाही ना, हे कापलेल्या कडेवरून बघून घ्या. पोकळी राहिली की तिथे पेटी गुणगुणते.

बॅफल हातकरवतीने कापू नका. ट्वीटरची ४ मिमीची खाच आणि नेमकी गोल भोकं सीएनसी राउटरवरच नीट येतात. ठाणे-बेलापूर रोडच्या औद्योगिक पट्ट्यात फर्निचरची सीएनसी कामं करणारे आहेत, त्यांना डीएक्सएफ फाइल (कापायच्या रेषांचं संगणकीय चित्र) द्या. भोकाचा व्यास ड्रायव्हर हातात आल्यावर कॅलिपरने मोजून ठरवा, डेटाशीटवरून नको.

मिडच्या भोकाची मागची कड ४५ अंशात तासा. ३६ मिमी जाड फळीत ५ इंची ड्रायव्हर बसवला तर त्याची मागची हवा बोगद्यात अडकते आणि आवाजात कोंदटपणा येतो. नंतर कितीही ईक्यू (ठरावीक सुरांची पातळी कमी-जास्त करणारं फिल्टर) लावला तरी तो जात नाही.

ड्रायव्हरला एम४ चे टी-नट मागून ठोका. लाकडात थेट स्क्रू मारले की तिसऱ्या-चौथ्या वेळी काढताना आटे सुटतात, आणि मोजमापाच्या काळात ड्रायव्हर अनेकदा बाहेर येतो. सांध्यांना आतून फेविकॉल आणि लाकडाच्या भुश्याची लापशी भरा. सिलिकॉन वापरायचाच तर न्यूट्रल क्युअर घ्या. व्हिनेगरचा वास येणारा सिलिकॉन सुकताना ॲसेटिक ॲसिड सोडतो, त्यानं तांबं गंजतं. मिडच्या कप्प्यात उशीतला रेक्रॉन सैलसर भरा, वूफरच्या कप्प्यात भिंतींना ५ सेंमी रॉकवूल लावून वर कापड.

शून्य_डीबी

आराखडा चांगला आहे, पण गेनचं (ॲम्प सिग्नल किती पट वाढवतो त्याचं) गणित मांडल्याशिवाय बोर्ड मागवू नका.

एडीएयू१७०१ चं पूर्ण आउटपुट ०.९ व्होल्ट. टीपीए३२५५ चा गेन २१.५ डीबी, म्हणजे १२ पटीला थोडा कमी. ०.९ ला गुणलं की १०.७ व्होल्ट, ८ ओहमला जेमतेम १४ वॅट. ४८ व्होल्टच्या पुरवठ्यावर हीच चिप ८ ओहमला सव्वाशे वॅटच्या वर देऊ शकते, पण तिला तेवढा सिग्नलच मिळत नाही. वूफर आणि सबच्या वाटेत ऑपॲम्पचा (सिग्नल वाढवणाऱ्या छोट्या चिपचा) आणखी १० ते १२ डीबी गेन हवा. काही टीपीए३२५५ बोर्डांवर एनई५५३२ हा ऑपॲम्प आधीच असतो. घेण्यापूर्वी सर्किट बघा.

ट्वीटरला याच्या उलट. टीपीए३११६ चा गेन २०, २६, ३२ किंवा ३६ डीबी असा रोधांनी ठरतो, आणि तयार बोर्ड बहुतेक २६ वर येतात. त्याच्या इनपुटचा हिस् (सततची सूं) शांत खोलीत ट्वीटरमधून एक मीटरवरून ऐकू येतो. गेन २० डीबीवर आणा. ०.९ व्होल्टचे ९ होतात, ४ ओहमच्या डोमला २० वॅट. घरात ट्वीटरला याहून जास्त कधीच लागत नाही. तरीही हिस् राहिला तर ॲम्पच्या इनपुटला १० किलोओहम मालिकेत आणि ४.७ किलोओहम जमिनीला, की साधारण १० डीबी कमी होतात. मात्र हिस् ॲम्पच्या चिपमधूनच येत असेल तर या रोधांचा उपयोग नाही. ॲम्पचं इनपुट शॉर्ट करून ऐका, म्हणजे कुठून येतो ते कळेल.

डीएसपीत कुठेही बूस्ट लावला की तेवढी जागा इनपुटलाच कमी करून ठेवा. ६ डीबीचा बूस्ट लावून इनपुट तसंच ठेवलं तर मोठ्या आवाजात अंकीय क्लिपिंग होतं (लहरीचं टोक छाटलं जातं), आणि ते ट्वीटरला घातक.

सानपाडा_पूर्व

शून्य_डीबी यांच्याशी सहमत. बोर्डबद्दल दोन गोष्टी जोडतो.

एडीएयू१७०१ ला प्रोग्रॅम करायला सिग्मास्टुडिओ हे सॉफ्टवेअर आणि यूएसबी प्रोग्रॅमर लागतो. सीवाय७सी६८०१३ए चा स्वस्त बोर्ड फ्रीयूएसबीआय, म्हणजे असा प्रोग्रॅमर, म्हणून चालतो. काम संपलं की प्रोजेक्ट ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) लिहायला विसरू नका, नाहीतर वीज गेली की फिल्टर गेले, आणि पुन्हा वीज आल्यावर ट्वीटरला पूर्ण पट्टा जाईल.

सिग्मास्टुडिओशी झटायचं नसेल तर आठ आउटपुटचा मिनीडीएसपी फ्लेक्स एट, किंवा रास्पबेरी पाय ५ या छोट्या संगणकावर हायफायबेरीचं डॅक८एक्स (डॅक म्हणजे अंकीय सिग्नल ॲनालॉग करणारं बोर्ड) आणि कॅमिलाडीएसपी हे फिल्टरचं सॉफ्टवेअर. पायवर करताना दोन स्वतंत्र यूएसबी डॅक जोडून आठ चॅनल बनवू नका. दोघांची घड्याळं वेगळी चालतात, काही मिनिटांत वूफर आणि ट्वीटरमधला वेळ सरकतो आणि क्रॉसओव्हरची बेरीज कोसळते. आठही चॅनल एकाच घड्याळावर हवेत. पारसिक यांच्या आराखड्यात एका पेटीचे चारही आउटपुट एकाच चिपचे आहेत आणि इनपुट ॲनालॉग आहे, म्हणून तिथे ही अडचण येत नाही.

तीनहातनाका

ट्वीटरला मालिकेत कॅपॅसिटर लावायचा की नाही? ॲक्टिव्ह म्हणजे थेट जोडणी, मग पुन्हा कॅपॅसिटर कशाला, असं बऱ्याच ठिकाणी वाचलंय.

शून्य_डीबी

लावायचाच. ४ ओहमला ४७ मायक्रोफॅरड म्हणजे ८५० हर्ट्झच्या आसपास कट. क्रॉसओव्हर २२०० ला आहे, त्यामुळे त्या पट्ट्यात त्याचा परिणाम किरकोळ, आणि जो काही आहे तो मोजमापात येतो आणि फिल्टरमध्ये धरला जातो. ॲम्प बिघडून डीसी आला, डीएसपी सुरू होताना ठोका बसला, चुकून वूफरची वायर ट्वीटरला गेली, या तिन्ही वेळी डोम वाचतो. कॅपॅसिटर लावून मगच मोजा. मोजून झाल्यावर लावला तर सगळं पुन्हा करावं लागेल.

पारसिक

मान्य. पॉलिप्रॉपिलीनचे लहान कॅपॅसिटर समांतर जोडून ४७ करतो. आता मोजमाप कसं करायचं ते सविस्तर हवं आहे. उंची साडेनऊ फूट असलेल्या खोलीत रिफ्लेक्शन टाळून किती खालपर्यंत खरं मोजता येतं?

खाडीपलीकडे

हाच या सगळ्या कामाचा कणा आहे, म्हणून थोडं लांबवर लिहितो.

पेटी स्टुलावर चढवा आणि ट्वीटर-मिडचा मध्य जमिनीपासून १.४५ मीटरवर आणा, म्हणजे जमीन आणि छत सारखंच लांब. माईक त्याच उंचीवर, एक मीटरवर, खोलीच्या मधोमध. जमिनीवरून येणारा आवाज ३.०७ मीटर चालतो, सरळ येणारा १ मीटर. फरक २.०७ मीटर, म्हणजे ६ मिलिसेकंदांना किंचित कमी. मोजमापात तेवढाच काळ ठेवून पुढचं कापा. त्यातून १७० हर्ट्झच्या वरचं चित्र विश्वासार्ह मिळतं. पेटी जमिनीपासून एक मीटरवर ठेवली असती तर हीच मर्यादा २८० पर्यंत चढली असती. ३०० च्या क्रॉसओव्हरला या दोन्हींतला फरक निर्णायक आहे. १० फुटांच्या बाजूलाही भिंती दीड मीटरवरच आहेत, त्यामुळे सोफा, कपाट, टीपॉय बाजूला सरकवा आणि पंखा बंद ठेवा.

त्याच्या खालचं निअरफील्डने, म्हणजे अगदी जवळून. माईक वूफरच्या डस्टकॅपपासून (कोनच्या मधल्या टोपीपासून) सेंटिमीटरभर अंतरावर. ही पद्धत कोन लहान आणि तरंग मोठा असेपर्यंतच खरी. १० इंची वूफरला साधारण ५०० हर्ट्झपर्यंत चालते. दोन मोजमापं जोडताना निअरफील्डला बॅफल स्टेपची वक्ररेषा आधी लावा. हे विसरलं तर बेस ६ डीबीपर्यंत जास्त दिसतो आणि तुम्ही तो कापून टाकता. मग पेटी अशक्त वाजते आणि कारण सापडत नाही.

आरईडब्ल्यू हे मोजमापाचं सॉफ्टवेअर मोफत आहे. यूएमआयके-१ सारखा यूएसबी माईक घेतलात तर त्याच्या अनुक्रमांकाची कॅलिब्रेशन फाइल उतरवून घ्या आणि आरईडब्ल्यूमध्ये अकूस्टिक टायमिंग रेफरन्स चालू ठेवा. दुसरी पेटी एका जागी ठेवून तिच्या ट्वीटरमधून संदर्भाची चिर्प (छोटा चढता सूर) वाजू द्या. याशिवाय वूफर, मिड आणि ट्वीटरमधला वेळेचा फरक कळणार नाही. प्रत्येक ड्रायव्हर माईक न हलवता वेगळा मोजा, मग व्हिट्यूक्सकॅड या क्रॉसओव्हर आखणीच्या सॉफ्टवेअरमध्ये फिल्टर बांधा. समोरून ० अंश पुरत नाही. १५-१५ अंशांनी ६० पर्यंत फिरवून मोजा. समोर सपाट आणि बाजूला खड्डा असेल तर भिंतीवरून परतणारा आवाज तोच खड्डा घेऊन येतो.

आता क्रॉसओव्हर. लिंकविट्झ-रायली चौथ्या क्रमाचा (एलआर४), २४ डीबी प्रति सप्तक. सीगफ्रीड लिंकविट्झ यांनी १९७६ मध्ये मांडलेला. दोन्ही बाजू सांध्यावर ६ डीबी खाली आणि फेजमध्ये, म्हणून बेरीज सपाट. सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो: हा उतार ड्रायव्हरमधून निघणाऱ्या आवाजाचा हवा, डीएसपीतल्या फिल्टरचा नव्हे. डोम ८००-९०० हर्ट्झच्या खाली स्वतःच दर सप्तकाला १२ डीबीने उतरतो, मिड वरच्या टोकाला आपल्या पद्धतीने. डीएसपीत एलआर४ निवडून दोन्हीकडे २२०० टाकलं की झालं, असं होत नाही. बाहेर आलेली वक्ररेषा एलआर४ च्या लक्ष्यरेषेवर बसेपर्यंत फिल्टर आणि ईक्यू हलवावे लागतात.

शेवटी डिले. ३० अंश तापमानाला ध्वनी ३४९ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे १ सेंमीला ०.०२९ मिलिसेकंद. ट्वीटरचं ध्वनिकेंद्र मिडपेक्षा सहसा पुढे असतं, म्हणून डिले ट्वीटरला. ट्वीटरची पोलॅरिटी (धन-ऋण दिशा) उलटी करा आणि २२०० ला पडणारा खड्डा बघा. डिले एकेक सॅम्पलने बदलत तो सर्वांत खोल आणि दोन्ही बाजूंनी सारखा करा, मग पोलॅरिटी सुलट. ४८ किलोहर्ट्झला एक सॅम्पल म्हणजे सव्वासात मिलिमीटर, तेवढी बारकाई पुरते. खड्डा ३० डीबीपर्यंत जातच नसेल तर दोन्ही बाजूंचे उतार जुळलेले नाहीत. डिलेशी खेळत बसू नका, मागे जा.

तीनहातनाका

एफआयआर फिल्टरने (मागच्या अनेक सॅम्पलांची गुणून केलेली बेरीज, तिचं एकेक पद म्हणजे टॅप) फेजही सरळ करता येते, मग आयआयआरवर (स्वतःचं आधीचं आउटपुट परत वापरणाऱ्या नेहमीच्या फिल्टरवर) का थांबायचं?

सानपाडा_पूर्व

४०९६ टॅपचा लिनियर-फेज एफआयआर ४८ किलोहर्ट्झला ४२.७ मिलिसेकंद उशीर करतो, आणि तरी ८० हर्ट्झच्या सांध्यावर बारीक काम करू शकत नाही, कारण त्याची बारकाई ११.७ हर्ट्झ. टीव्हीवर ओठ आणि आवाज सुटू लागतात. शिवाय एडीएयू१७०१ मध्ये एवढे टॅप बसतही नाहीत. आयआयआरवर बांधा, ऐका. एफआयआरची गरज वाटलीच तर पायवर जाता येईल, पेटी तीच राहते.

खाडीपलीकडे

सबकडे वळू. इंटरनेटवरचा बराचसा सल्ला लाकडी चौकट आणि जिप्सम बोर्डच्या घरांतून येतो. तिथल्या भिंती बेस थोडा गिळतात आणि थोडा बाहेर सोडतात. आपल्या आरसीसी-विटांच्या भिंती जवळजवळ सगळा परत करतात. त्यामुळे इथे मोड (खोलीच्या मापानुसार ठरावीक सुरांना होणारा अनुनाद) उंच, टोकदार आणि जास्त वेळ वाजत राहणारे. या हॉलमध्ये लांबीचा पहिला मोड ४७-४८ हर्ट्झला, रुंदीचा ५७ ला, उंचीचा ६० ला. शेवटचे दोन एकमेकांना चिकटलेले, म्हणून तिथे ढोलकं वाजल्यासारखा एकसुरी बेस येतो.

एक सब कोपऱ्यात ठेवला तर तो तिन्ही मोड जोराने उठवतो. दोन सब समोरच्या आणि मागच्या भिंतींच्या मध्यावर ठेवा, एक टीव्ही युनिटखाली आणि एक सोफ्यामागे. लांबीचा पहिला मोड दोघांत मिळून रद्द होतो, रुंदीचा उठतच नाही कारण दोन्ही सब त्याच्या शून्यरेषेवर आहेत. उंचीचा उरतो, पण बसलेल्या माणसाचा कान मीटरभर उंचीवर, म्हणजे त्या मोडच्या शून्याच्या बऱ्यापैकी जवळ. टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये एईएसमध्ये (ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीत) मांडलेल्या कामातही समोरासमोरच्या भिंतींचे मध्य ही दोन सबसाठी चांगली जागा ठरली होती. सोफ्यामागे १२ इंची पेटीला जागा नसेल तर मोफत मिळणाऱ्या मल्टी-सब ऑप्टिमायझरमध्ये तीन-चार आसनांची मोजमापं टाकून डिले आणि ईक्यू काढा.

ईक्यूने शिखरं कापा, खड्डे भरू नका. खड्डा म्हणजे दोन लहरींची वजाबाकी. ६ डीबी दिले की ॲम्पला चौपट ताकद लागते, आणि वजाबाकी तशीच राहते.

शून्य_डीबी

सीलबंद सबला लिंकविट्झ ट्रान्सफॉर्म (पेटीचा उतार फिल्टरने आणखी खाली नेणं) लावताना हेही धरा: ४५ हर्ट्झवरून २५ ला नेलं की अगदी खाली १० डीबीचा बूस्ट बसतो, म्हणजे दहापट ताकद. तेवढाच आवाज राखून वारंवारता निम्मी केली तर कोनला चौपट सरकावं लागतं. २० हर्ट्झला हायपास (त्याखालचं कापणारं फिल्टर) आणि डीएसपीत लिमिटर (पातळीला कमाल मर्यादा) दोन्ही हवेत. नाहीतर एखाद्या चित्रपटातल्या स्फोटाला व्हॉइस कॉइल मागच्या प्लेटवर आपटेल.

पारसिक

मुख्य पेट्या आणि सब यांच्यातला डिले सोफ्यावर माईक ठेवून काढायचा, बरोबर? आणि ८० च्या सांध्यावर वूफरचा स्वतःचा सीलबंद उतार धरायचा?

खाडीपलीकडे

दोन्हीला हो. तुमच्या ३६ लिटरमध्ये वूफर ५० हर्ट्झच्या आसपास उतरू लागेल, म्हणून डीएसपीतला हायपास एलआर४ पेक्षा थोडा सौम्य लागेल. मोजूनच ठरवा. आणि उशीर सहसा सबला नव्हे, मुख्य पेट्यांना द्यावा लागतो, कारण सबच्या फिल्टरांमुळे त्याचा आवाज आधीच मागे पडलेला असतो.

लाकूडकाम

खिडकीबद्दल कुणीच बोललं नाही. स्लायडिंगच्या काचा ४० ते ६० हर्ट्झमध्ये खडखडतात आणि तो आवाज सबचा वाटतो. पीओपीचं फॉल्स सीलिंग, ट्यूबलाइटची पट्टी, ग्रिल, देव्हाऱ्यातली घंटासुद्धा. २० ते १२० हर्ट्झची संथ स्वीप वाजवा आणि हात लावत फिरा. काचेच्या चौकटीत लोकरी पट्टी नवी घाला, ॲल्युमिनियमचं काम करणाऱ्यांकडे मिळते. सबखाली दाट रबराचा पॅड ठेवा.

सानपाडा_पूर्व

शेजाऱ्यांचाही विचार व्हावा. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डीबी(ए). पण ए-वेटिंग (डीबी(ए) मधला ए, कानाच्या संवेदनेनुसार मोजणी) ५० हर्ट्झला ३० डीबी कमी मोजतं. मीटरवर आकडा मर्यादेत आणि खालच्या घरात स्लॅबमधून धमधम, असं सहज होतं. रात्रीसाठी वेगळा प्रिसेट ठेवा: सबला ४० हर्ट्झचा हायपास, पातळी ६ ते ८ डीबी खाली. एडीएयूवर त्यासाठी एक जीपीआयओ स्विच (चिपच्या मोकळ्या पिनला जोडलेला) पुरतो.

तीनहातनाका

सेट टॉप बॉक्सची केबल जोडली की ५० हर्ट्झची गुणगुण येते, असा अनुभव बऱ्याच जणांचा असेल. यावर अर्थिंगची पिन काढून टाकायचा सल्लाही सर्रास दिला जातो.

शून्य_डीबी

पिन कधीही काढू नका. या पेटीत धातूच्या प्लेटवर २३० व्होल्टचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा बोर्ड) बसणार आहे. बिघाड झाला तर ती प्लेटच जिवंत होईल. टीव्हीकडून ऑप्टिकल घ्या, म्हणजे केबलचा आणि ॲम्पचा विद्युत संबंधच तुटतो. त्यासाठी छोटा डॅक किंवा ऑप्टिकल इनपुटचा डीएसपी लागेल. ॲनालॉगच ठेवायचं असेल तर मधे १:१ ऑडिओ ट्रान्सफॉर्मर. सगळी उपकरणं एकाच प्लगबोर्डवर लावल्यानेही पुष्कळ फरक पडतो.

वीज जाऊन येण्याची तरतूदही आत्ताच करा. डीएसपी आणि ॲम्प एकदम सुरू झाले तर डीएसपी जागा होतानाचा ठोका थेट ड्रायव्हरला जातो. ॲम्पच्या पुरवठ्यात ५ ते १० सेकंदांचा टायमर रिले घाला. टायमर मॉड्यूल, एसएमपीएस, स्पीकॉन (स्पीकरचा कनेक्टर) हे सगळं मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला एका फेरीत मिळतं. एसएमपीएसच्या मागे-वर जाळीच्या दोन झडपा ठेवा, मिडच्या कप्प्याशी हवा जोडली जाता कामा नये.

पारसिक

सगळं टिपून घेतलं. बोर्ड आल्यावर पहिल्यांदा चालू करण्याचा क्रम कुणी सांगाल का?

शून्य_डीबी

१. ड्रायव्हर न जोडता ॲम्प चालू करा, प्रत्येक आउटपुटच्या दोन टर्मिनलमध्ये डीसी मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत हवं. या चिपमध्ये दोन्ही वायरी जमिनीपेक्षा निम्म्या पुरवठ्याइतक्या वर असतात. मल्टिमीटर जमिनीला लावून २४ व्होल्ट दिसले तर घाबरू नका, आणि कुठलीही वायर जमिनीला टेकवू नका.

२. ट्वीटरच्या जागी एखादा जुना, टाकाऊ स्पीकर जोडा. ५० हर्ट्झचा सूर वाजवा, काहीच ऐकू येता कामा नये. मग ५ किलोहर्ट्झचा, तो यायला हवा. वीज बंद-चालू करून पुन्हा हेच करा, म्हणजे ईईप्रॉम खात्रीचं झालं.

३. चारही वायरींना दोन्ही टोकांना रंगीत टेप लावा आणि ट्वीटरचा कनेक्टर बाकीच्यांपेक्षा वेगळ्या प्रकारचा वापरा, म्हणजे अदलाबदल शक्यच राहणार नाही.

४. मग खरे ड्रायव्हर, आवाज अगदी खाली, पिंक नॉइज (सर्व सप्तकांत सारखी ताकद असलेली खरखर), एकेक चॅनल. वूफर आणि मिडची पोलॅरिटी ९ व्होल्टच्या नव्हे, दीड व्होल्टच्या सेलने तपासा. कोन बाहेर आला की सेलचं धन ते ड्रायव्हरचं धन. ट्वीटरला सेल लावू नका, त्याची पोलॅरिटी आरईडब्ल्यूतल्या इम्पल्सवरून बघा.